एका जोडीत पंधरा वजने, पण पंधरा जोड्या नव्हेत

पूर्वी आपल्या मोहल्ल्यात तालीम असे. उस्ताद शिकवीत, पोरे अंगाला माती लावीत आणि जोडी, मुदगल गावचाच सुतार करून देई. त्यात कोणी कमाई पाहत नसे. आता काळ बदलला आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर अशा कापडाच्या गावांतही शिकलेला तरुण दोनशे-अडीचशे चौरस फुटांचा गाळा घेतो, भिंतीला आरसा लावतो, जमिनीवर रबरी मॅट टाकतो आणि एकेका गिऱ्हाइकाला वेळ देऊन व्यायाम शिकवतो. डॉक्टरांनी साखरेसाठी किंवा रक्तदाबासाठी हालचाल सांगितलेले लोक त्याच्याकडे येतात. घराजवळ, परक्या नजरेपासून दूर व्यायाम करता यावा म्हणून स्त्रियाही शिक्षिकेकडे जातात. ही हुन्नराची रोजी आहे आणि तिला आम्ही चांगला धंदाच मानतो.

या धंद्यातील पहिली मोठी खरेदी असते डंबेल्सची. तिथेच बरेच तरुण चुकीच्या मालात भांडवल अडकवून बसतात. आम्ही कापडाचे व्यापारी. व्यायाम कसा करावा हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु माल पारखावा कसा, वजनमाप तपासावे कसे आणि गल्ल्यातला पैसा कोणत्या मालात घालावा, याबाबत दोन शब्द सांगण्याइतकी वर्षे आम्ही दुकानात काढली आहेत. म्हणून हा लेख.

सध्या ज्याची चलती आहे तो माल म्हणजे वजन कमी-जास्त करता येणारा डंबेल. एकच दांडी, एकच जोडी, चकती फिरवली की दोन किलोपासून चोवीस किलोपर्यंत हवे ते वजन. विक्रेता म्हणतो, "एका जोडीत पंधरा जोड्या घ्या." जाहिरात आकर्षक आहे आणि गाळा लहान असल्याने पटतेही. आमचे मत असे की लहान स्टुडिओला असा माल जरूर हवा, पण सर्वस्व त्यावर टाकू नये आणि चकतीच्या जातीवर तर मुळीच टाकू नये. का, ते क्रमाने सांगतो.

एका वेळी गिऱ्हाईक किती?

कापडाच्या दुकानात नमुन्यांची पट्टी असते. तीत पन्नास रंग दिसतात, पण म्हणून दुकानात पन्नास थान आहेत असे होत नाही. एका जोडीत पंधरा वजने असतात, तरी एका वेळी त्यातले एकच वजन एकाच माणसाच्या हाती असते. घरात एकटा माणूस व्यायाम करतो, तिथे हे चालते. स्टुडिओत संध्याकाळी सहा वाजता नवरा-बायको किंवा दोन मैत्रिणी एकत्र येतात. एकीला चार किलो हवे, दुसरीला सहा. जोडी एकच असेल तर एकजण उभी राहते. तिने अर्ध्या तासाचे पैसे मोजले आहेत, उभे राहण्याचे नव्हे.

म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी कागदावर लिहावे: एका वेळी जास्तीत जास्त किती गिऱ्हाइके असतील? त्यांपैकी नवशिके किती, कसलेले किती? एकच गिऱ्हाईक घेणाऱ्याचा हिशेब वेगळा, दोघांना एकदम घेणाऱ्याचा वेगळा. दुकानदाराला हा प्रश्न सुचणार नाही, तो आपणच स्वतःला विचारायचा आहे.

वजनाचा हिशेब

कायम वजनाच्या डंबेल्सचा पूर्ण संच घ्यायचा म्हटले, अडीच किलोपासून पंचवीस किलोपर्यंत अडीच-अडीचच्या टप्प्याने, तर दहा जोड्या होतात. त्यांचे एकूण वजन २७५ किलो भरते. समजा बाजारात किलोला १५० रुपये दर मिळाला, तर ४१,२५० रुपये झाले. दोन थरांचा रॅक धरला तरी सहा फूट लांबी जाते. रॅकची खोली दोन फूट आणि पुढे उभे राहण्यास तीन फूट धरले, तर तीस चौरस फूट अडले. दोनशे फुटांच्या गाळ्यात हे पंधरा टक्के झाले, आणि भाडे तर पूर्ण गाळ्याचे भरायचे असते.

आता दुसरा हिशेब पाहा. हलकी वजने कायम स्वरूपाची घ्यावीत: २, ३, ४, ५, ६, साडेसात आणि १० किलो, प्रत्येकी एक जोडी. हे ७५ किलो झाले. जड कामासाठी आटे पाडलेल्या दोन दांड्या आणि सुट्या प्लेटा घ्याव्यात. दांडी नटांसह अडीच किलोची धरली, तर दोन डंबेल्सना मिळून सव्वा किलोच्या ४, अडीच किलोच्या ८ आणि पाच किलोच्या ४ प्लेटा पुरतात. एवढ्या सोळा प्लेटांत प्रत्येक हाताला अडीचपासून पंचवीस किलोपर्यंतचा प्रत्येक टप्पा जमतो. दांड्या धरून हे वजन ५० किलो. म्हणजे सारे मिळून १२५ किलो आणि त्याच दराने १८,७५० रुपये. दांडीच्या घडणावळीचे थोडे वेगळे धरा. तरीही वीस हजारांच्या आसपास वाचतात, आणि भिंतीलगत तीन-चार फुटांत सारा माल बसतो. दर आपापल्या बाजाराचा घालून हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मेरठ आणि जालंधर ही खेळाच्या सामानाची मोठी ठिकाणे आहेत. तिथला दर विचारताना वाहतूक धरून विचारावा, कारण लोखंडाला भाडे वजनावर लागते.

टप्पा लहान हवा

एक गोष्ट आम्हांस हिशेबातूनच उमगली, ती सांगण्यासारखी आहे. वीस किलोवरून साडेबावीसवर जाणे म्हणजे साडेबारा टक्के वाढ. पण पाचवरून साडेसातवर जाणे म्हणजे पन्नास टक्के वाढ. टप्पा दोन्हीकडे अडीचच किलोचा, पण पन्नाशीच्या बाईच्या खांद्याला तो सारखा नाही. आज पाच किलो जेमतेम उचलणाऱ्याला उद्या साडेसात दिले, तर एक तर तो उचलणार नाही किंवा अंग वेडेवाकडे करून उचलील आणि पुढच्या आठवड्यात येणार नाही. गिऱ्हाईक गेले, वर बदनामी झाली.

म्हणून हलक्या बाजूला एक-एक किलोचा टप्पा ठेवावा. आपल्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइके दहा किलोच्या आतलीच असतात. जाहिरातीत मात्र जड वजनाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. जे रोज विकले जाते ते जास्त भरावे आणि जे महिन्यातून एकदा विकले जाते ते मोजके ठेवावे, हा दुकानदारीचा जुना नियम इथेही लागू आहे.

चार जाती

बाजारात वजन बदलणाऱ्या डंबेल्सच्या मुख्यतः चार जाती दिसतात.

पहिली, आट्यांची दांडी आणि नट. सर्वांत जुनी व स्वस्त. नट हरवला किंवा आटा झिजला तर आपल्याच गल्लीतला लेथवाला दुसरा करून देतो. दोष दोन. वजन बदलण्यास वेळ लागतो आणि वापरताना नट सैल होऊ शकतो, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी हाताने आवळून पाहावा लागतो. नटाच्या आत रबरी वायसर हवाच.

दुसरी, पिनची. एकात एक बसलेल्या चौकटी असतात, पिन हवी तिथे खुपसली की तेवढे वजन वर येते. अमेरिकेत पॉवरब्लॉक नावाने हा माल १९९३ पासून विकला जातो. फिरणारे भाग कमी असल्याने बिघाडही कमी. मात्र मनगटाभोवती चौकट येते, ती काहींना अडचणीची वाटते.

तिसरी, चकतीची. दोन्ही टोकांच्या चकत्या फिरवायच्या, दांडी उचलायची, नको असलेल्या प्लेटा ट्रेमध्ये राहतात. वजन क्षणात बदलते. या जातीतील सर्वांत प्रसिद्ध माल म्हणजे बोफ्लेक्सचा ५५२. तो ५ पौंडांपासून साडेबावन्न पौंडांपर्यंत पंधरा टप्प्यांत जातो, आणि २५ पौंडांपर्यंतचा टप्पा अडीच पौंडांचा, म्हणजे एक किलोहून थोडाच जास्त आहे. हा गुण आम्ही मान्य करतो. पण त्याची लांबी सुमारे चाळीस सेंटिमीटर. हलके वजन लावले तरी लांबी तेवढीच राहते. दोन किलो उचलणाऱ्या नवशिक्याच्या हाती एवढी लांब वस्तू मांडीला आणि छातीला अडते.

चौथी, मूठ फिरवण्याची. दांडीच पिळली की वजन बदलते. दिसायला देखणी, हाताळायला सोपी. पण आतली कळ डोळ्यांना दिसत नाही आणि ती बिघडली तर गावात कोणी उघडत नाही.

कारागीर बांधवांना वेगळे सांगायला नको. ज्या यंत्राचा सुटा भाग गावात मिळत नाही, ते यंत्र बंद पडले की भंगारात जाते.

अमेरिकेतला धडा

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बोफ्लेक्सचे ५५२ आणि १०९० हे दोन्ही चकतीचे डंबेल्स परत बोलावल्याचे जाहीर केले. संख्या थोडीथोडकी नव्हे, सुमारे ३८ लाख. कारण असे की वापरताना प्लेटा दांडीपासून सुटून पडत होत्या. अशा साडेतीनशेच्या आसपास तक्रारी आल्या होत्या आणि १११ तक्रारींत माणसास इजा झाली होती. डोक्याला मार, खरचटणे, पायाची बोटे मोडणे अशा त्या इजा. हा माल २००४ पासून विकला जात होता. मधल्या काळात मूळ कंपनीचे दिवाळे निघाले आणि २०२४ मध्ये ती दुसऱ्या कंपनीने घेतली.

अडतीस लाखांत साडेतीनशे म्हणजे फारच थोडे, असे कोणी म्हणेल. घरात वापरणाऱ्यास ते पटेलही. पण स्टुडिओतील डंबेल घरच्यासारखा दिवसातून एकदा उचलला जात नाही. दिवसभर दहा माणसे तो उचलतात आणि चकती पन्नास वेळा फिरते. दुसरे असे की, इजा झालेला माणूस आपल्या भरवशावर आलेला असतो. उताणे झोपून छातीवरून वजन उचलताना पाच किलोची प्लेट सुटली, तर ती कुठे पडेल याचा विचार करावा. एवढ्या मोठ्या नावाच्या मालाची ही गत, तर त्याच धर्तीचा जो माल निरनिराळ्या नावांनी आपल्या बाजारात येतो, त्याच्यामागे कोण उभे आहे? उद्या तक्रार निघाली तर कोणाचे दार ठोठावायचे?

म्हणून आमचे सांगणे असे की चकतीचा माल घेतलाच, तर तो उभ्याने करायच्या व्यायामाला वापरावा. उताण्याने किंवा डोक्यावर उचलायच्या कामास कायम वजनाचे किंवा नट आवळलेले डंबेल द्यावे. वजन बदलण्याचे काम शिक्षकानेच करावे, गिऱ्हाइकाला करू देऊ नये. ट्रे सपाट जागी ठेवावा, प्लेट नीट बसल्याशिवाय उचलू नये आणि उचलल्यावर मॅटच्या वीतभर वर धरून हलकेच हलवून पाहावे. खडखड वाढली असेल तर तो डंबेल बाजूला काढावा. वजन बदलणारा कोणताही डंबेल जमिनीवर आपटू नये.

दुकानात काय पाहावे

वजनकाट्यावर प्रत्येक नग घालावा. "चाळीस किलोचा सेट" म्हणजे दोन्ही मिळून चाळीस की एका हाताला चाळीस, हे विचारून घ्यावे. बहुधा दोन्ही मिळून असते. पौंड आणि किलो यांची गल्लत होऊ देऊ नये. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणून साडेबावन्न पौंड म्हणजे पावणेचोवीस किलोच. जोडीतल्या दोन नगांत फरक नसावा. स्वस्त प्लॅस्टिकच्या डंबेलमध्ये आत सिमेंट भरलेले असते. ते तेवढ्याच वजनाच्या लोखंडापेक्षा कितीतरी मोठे दिसते आणि कवच फुटले की भुगा होतो. मूठ खरबरीत हवी, पण इतकी नको की तळहात सोलला जाईल.

गॅरंटी, बिल आणि कायदा

या मालाची गॅरंटी अनेकदा फक्त घरगुती वापरासाठी असते. गॅरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते आणि स्टुडिओत वापरला म्हटले की विक्रेता हात वर करतो. म्हणून खरेदीपूर्वी "धंद्याच्या वापरास गॅरंटी आहे काय" हे लेखी विचारावे. तोंडी हो चालत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक ठरत नाही. मात्र स्वतः राबून केवळ आपल्या पोटापाण्यासाठी जो माल घेतो आणि वापरतो, त्याला ही अट आड येत नाही. एकट्याने स्टुडिओ चालवणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. नोकर ठेवून धंदा वाढवला तर यावर वाद निघू शकतो. बिल दोन्ही वेळा हवे. बिलावाचून कायद्याची मदत मिळवणे अवघड जाते. कच्च्या चिठ्ठीवर दोन पैसे वाचतात, पण हक्क सिद्ध करणे कठीण होते.

कराचेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, परंतु त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. लहान स्टुडिओ तर बहुधा नोंदणीच्या मर्यादेखालीच असतो. म्हणून डंबेल्सच्या बिलावरील कर हा सरळ खर्च धरावा. दुकानदार कराखेरीज भाव सांगतो, आपण करासह लिहून घ्यावा.

हप्त्याबाबतही एक सूचना. महागडा माल "शून्य टक्के" हप्त्याने देऊ करतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसते, व्याज दुसऱ्या नावाने गिऱ्हाइकाकडून वसूल होते. आपले वाचक व्याजाच्या व्यवहारात जपून असतात. त्यांनी रोखीचा भाव वेगळा विचारावा, म्हणजे फरक आपोआप समोर येईल.

वेळेचा प्रश्न

आमच्या मताविरुद्ध एक मुद्दा वजनदार आहे, तो टाळणे बरे नव्हे. नट काढून प्लेटा बदलण्यात वेळ जातो. समजा पंचेचाळीस मिनिटांच्या तासात सहा वेळा वजन बदलले आणि दर खेपेस दीड मिनिट गेले, तर नऊ मिनिटे गेली, म्हणजे पाचवा हिस्सा. गिऱ्हाईक कंटाळेल. चकतीचे हे काम दोन क्षणांत होते.

याला उत्तर दोन. हलकी वजने कायम स्वरूपाची असल्याने बहुतेकांसाठी नट काढण्याची वेळच येत नाही. आणि ज्याला जड वजन लागते, त्याच्या व्यायामाचा क्रम असा लावावा की एकदा लावलेल्या वजनावर दोन-तीन व्यायाम व्हावेत, आणि बदल गिऱ्हाईक दम घेत असताना व्हावा. धंद्याने हात दिला की दोन वर्षांनी पिनच्या जातीची चांगली जोडी जोडावी. आधी कमाई, मग सोय. उलटे केले तर भाड्याच्या तारखेला गल्ला रिकामा असतो आणि कोपऱ्यातली महाग जोडी अर्ध्या किमतीला विकावी लागते.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. हलका माल कायम वजनाचा आणि लहान टप्प्याचा. जड माल सुट्या प्लेटांचा. चकतीचा माल घेतल्यास जपून आणि उभ्याच्या कामाला. काटा, लेखी गॅरंटी आणि पक्के बिल या तीन गोष्टींवाचून पैसे मोजू नयेत. दर शुक्रवारी किंवा सुटीच्या दिवशी प्रत्येक नट, पिन आणि प्लेट तपासून वहीत तारीख टाकावी. ज्याने ही वही ठेवली, त्याच्याकडे गिऱ्हाईक आपली आई निर्धास्तपणे पाठवील. लहान स्टुडिओचे खरे भांडवल तो भरवसाच आहे. लोखंड तर बाजारात किलोने मिळते.